चिलिकेचे मुख

ओडिशाच्या पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांच्या संधीवर, बंगालच्या उपसागरापासून केवळ वाळूच्या एका लांबट पट्टीने विलग झालेले, पावसाळ्यात साडेअकराशे चौरस किलोमीटरांपर्यंत पसरणारे आणि उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास आकसणारे चिलिका सरोवर हे भारतातील सर्वांत मोठे खारकच्छ होय. लांबी सुमारे ६५ किलोमीटर असूनही त्याची खोली बहुतेक ठिकाणी पुरुषभर पाण्याहून फारशी अधिक नाही. या विशाल आणि उथळ जलाशयाचे प्राण विसाव्या शतकाच्या अखेरीस कंठाशी कसे आले, आणि २००० सालच्या सप्टेंबरात वाळूतून खोदलेल्या एका वाटेने त्यात पुन्हा चैतन्य कसे संचरले, हा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे. त्या वाटेचा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्यास झाला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सारा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. तेव्हा मराठी वाचकाला हा मुलूख सर्वस्वी परका मानण्याचे कारण नाही.

चिलिकेत तीन दिशांनी पाणी येते. उत्तरेकडून महानदीच्या दया आणि भार्गवी या शाखा गोडे पाणी आणि त्याबरोबर विपुल गाळ आणून ओततात. पश्चिमेच्या टेकड्यांवरून पन्नासाहून अधिक लहानमोठे ओढे आणि नद्या पावसाळ्यात धावत येतात. आणि पूर्वेकडून समुद्राची भरती एका चिंचोळ्या मुखातून आत शिरते. या तिन्ही पाण्यांचा समतोल ऋतूंप्रमाणे बदलतो: भाद्रपदात उत्तरेकडचा भाग जवळजवळ गोडा झालेला असतो, तर वैशाखात समुद्राचे खारेपण आत खोलवर पोहोचलेले असते. बोय आणि जिताडा यांसारखे मासे याच मुखाने अंडी घालण्यासाठी बाहेर जातात, आणि समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्ले भरतीच्या ओघाबरोबर याच मुखाने आत येऊन उथळ पाण्यातील गवतात वाढतात. म्हणून चिलिकेच्या तीरावरच्या दीडशेहून अधिक गावांतील दोन लाखांच्या आसपास मच्छीमारांचे भवितव्य, ते सरोवराच्या कोणत्याही कोपऱ्यात राहत असोत, अखेर त्या एका मुखाच्या रुंदीवर आणि खोलीवर अवलंबून असते.

या सरोवराची उत्पत्ती सांगणारी एक कथा जगन्नाथाच्या देवळातील मादळा पंजीत नोंदलेली आहे. रक्तबाहू नावाचा राजा पुरी लुटण्यासाठी गलबतांचा तांडा घेऊन आला, परंतु त्याच्या आगमनाची वार्ता समुद्राच्या लाटांनी आधीच किनाऱ्यावर पोहोचविली आणि नगरवासी देवाच्या मूर्ती घेऊन निघून गेले. फसलेल्या राजाने रागाने समुद्रावरच चाल केली, समुद्र मागे हटला आणि मग उसळून त्याने सैन्य गिळले, आणि आत शिरलेले ते पाणी चिलिका होऊन राहिले. कथेतला राजा इतिहासाला ठाऊक नाही. पण समुद्र आत आला आणि वाळूमागे अडकला, हा तिचा गाभा भूविज्ञानाला मान्य होण्याजोगा आहे. दक्षिण टोकाजवळचे पालूर हे ग्रीक भूगोलकार टॉलेमीने उल्लेखिलेले बंदर असावे, असे अभ्यासक मानतात. अर्थात जहाजांना आसरा देणारी ही खारी वाट अठराशे वर्षांपूर्वीही वाहती होती.

१७५१ साली बंगालचा नबाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहाने ओडिशाचा मुलूख नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या ताब्यात आला आणि पुढची बावन्न वर्षे कटकेस मराठ्यांचा सुभा नांदला. चिलिका त्या अमलाची दक्षिण सरहद्द होती. तिच्या पलीकडे गंजाम, आणि गंजामात कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्याची ठाणी. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल हारकोर्टची इंग्रजी फौज गंजामाहून निघाली, ती डोंगरी रस्त्याने न येता सरोवर आणि समुद्र यांमधील याच वाळूच्या पट्टीवरून चालत आली. माणिकपाटण्याजवळ सरोवराचे मुख ओलांडणे हा त्या मार्गातला कठीण टप्पा होता, आणि दृढनिश्चयाने राखलेले एखादे ठाणे तेथे मोठ्या फौजेलाही थोपवू शकले असते. परंतु मालूदचा फौजदार फत्ते महंमद इंग्रजांना अनुकूल झाला. त्याला पुढे मालूदची जहागीर मिळाली, आणि १८ सप्टेंबर रोजी इंग्रज पुरीस दाखल झाले. डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांनी तो सुभा लिहून दिला. मराठ्यांच्या हातून ओडिशा गेला तो चिलिकेच्या मुखाशी गेला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. आपल्या इतिहासग्रंथांतून असई आणि अडगावच्या लढायांची वर्णने पानेच्या पाने येतात, आणि या वाळूच्या पट्टीला एखादे वाक्यही लाभत नाही, याची खंत वाटते.

कंपनीच्या अमलात पारिकूडच्या मिठागरांवर सरकारी मक्ता बसला आणि मासेमारी खल्लिकोट, पारिकूड इत्यादी जमीनदारांच्या हद्दींत वाटली गेली. पण जमीनदार पाण्याचा धनी असला तरी पाण्यातली वहिवाट जातिपरत्वे आणि हत्यारपरत्वे ठरलेली होती. केउट जाळे टाकीत. कंडरा आणि तियर बांबूच्या पिंजऱ्यांनी मासळी धरीत. नोलिया समुद्राच्या तोंडाशी मासेमारी करीत. एकाच्या पाण्यात दुसऱ्याने हत्यार घालू नये, असा दंडक होता आणि तो मोडला तर जातपंचायत दंड करी. यांतील ‘जानो’ नावाची पद्धत विशेष पाहण्याजोगी आहे. पावसाळा संपून पाणी ओसरू लागले की गावातील मंडळी चिरलेल्या बांबूच्या काड्या सुतळीने विणून लांबच लांब तट्ट्या तयार करीत, आणि त्या चिखलात रोवून कित्येक एकरांचे उथळ पाणी एकाच वेळी वेढून टाकीत. काड्यांमधली फट पाणी जाऊ देई, लहान पिल्लूही जाऊ देई, मोठा मासा मात्र आत राही. मग पाणी जसजसे उतरे तसतसा तट्ट्यांचा घेर आवळत नेला जाई, आणि हंगामाच्या अखेरीस उरलेल्या गुडघाभर पाण्यातून मासळी हातांनी वेचली जाई. तिचे उत्पन्न साऱ्या गावात वाट्यांनी विभागले जात असे. एवढे मोठे काम एकट्यादुकट्याने होण्यासारखे नव्हते, आणि म्हणून ही पद्धत गावाला बांधून ठेवी.

विज्ञानाची दृष्टी चिलिकेकडे वळली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झालेले नेल्सन ॲनंडेल आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली केंप यांनी सरोवरातील जीवसृष्टीची तपशीलवार पाहणी केली. १९१७ साली ॲनंडेल यांनी बरकुडा बेटावरील एका सरड्यासारख्या, परंतु पाय नसलेल्या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बेटावरूनच त्याला बरकुडिया हे नाव मिळाले. आज नवल वाटते ते त्या पाहणीच्या पूर्णतेचे. खाऱ्या आणि गोड्या पाण्याचे जीव एकाच जलाशयात ऋतूमागून ऋतू जागा कशी बदलतात, याची नोंद जर त्यांनी तेव्हा केली नसती, तर पुढच्या सत्तर वर्षांत काय हरपले हे मोजावयास मापच उरले नसते.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. १९५७ साली महानदीवर हिराकूडचे धरण पूर्ण झाले. त्याने पुरांना आवर घातला, आणि सरोवरातला गाळ लोटून मुख मोकळे ठेवणारा पुराचा जोरही त्याबरोबर उणावला. दुसरीकडे जमीनदारी रद्द होऊन पाण्याचे इजारे सरकारकडे आले. प्रारंभी ते लिलावाने दिले जात. १९५९ पासून मच्छीमारांच्या मध्यवर्ती सहकारी संस्थेने ते घेऊन गावोगावच्या प्राथमिक संस्थांना पोटइजाऱ्याने द्यावे, अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था जुन्या वहिवाटीला बरीचशी धरून होती आणि ती दोन तपे चालली. मग परदेशी बाजारपेठेत कोळंबीचे भाव चढले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी कधी जाळे हाती धरले नव्हते अशा पैसेवाल्यांना सरोवराचा उथळ काठ सोन्याच्या खाणीसारखा दिसू लागला. मातीचे बांध आणि जाळी घालून पाण्याचे मोठमोठे तुकडे वेढले गेले. त्यांना तिकडे ‘घेरी’ म्हणतात. जानोची तट्टी हंगामानंतर उपटली जाई, घेरीचा बांध मात्र बारमास राही. ओघ अडे, गाळ बसे, आणि मच्छीमाराची होडी आपल्याच पिढीजात पाण्यातून हाकलली जाई.

१९८६ साली टाटा उद्योगसमूह आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीत कोळंबीसंवर्धनाचा एक मोठा प्रकल्प चिलिकेच्या काठी योजला गेला. त्याविरुद्ध मच्छीमार, विद्यार्थी आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते एकत्र आले आणि ‘चिलिका बचाओ आंदोलन’ उभे राहिले. १९९२ च्या अखेरीस तो प्रकल्प सोडून देण्यात आला. दरम्यान १९९१ साली सरकारने नवे धोरण काढून सरोवराचे पाणी पारंपरिक मासेमारी आणि संवर्धन अशा दोन वर्गांत वाटले आणि घेरीला कायद्याचा शिक्का मिळवून दिला. माझ्या मते चिलिकेच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत हानिकारक कागद तोच. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ यांच्या प्रसिद्ध दाव्यात चिलिका आणि पुलिकत या सरोवरांच्या काठापासून एक हजार मीटरांच्या आत कोळंबीसंवर्धन करू नये, असा निकाल दिला. तरी घेऱ्या उठल्या नाहीत. शेवटी मच्छीमारांनी त्या स्वतः फोडण्यास आरंभ केला, आणि २९ मे १९९९ च्या रात्री सोरना गावी पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मरण पावली.

हा कलह पेटलेला असतानाच सरोवर आतून मरत होते. या किनाऱ्यावर नैऋत्येच्या वाऱ्यांनी उठणाऱ्या लाटा वाळू सतत दक्षिणेकडून ईशान्येकडे वाहून नेतात. त्या वाळूच्या रेट्याने समुद्रमुख वर्षानुवर्षे ईशान्येस सरकत गेले, आणि मगरमुख येथील आतल्या अरुंद भागापासून अरखकुडा येथील मुखापर्यंतची वाट सुमारे २४ किलोमीटर लांब, वाकडी आणि गाळाने उथळ झाली. एवढे अंतर कापता कापता भरतीचा जोर संपून जाई. खारेपण घटले, गोड्या पाण्यातील पाणवनस्पती शेकडो चौरस किलोमीटरांवर पसरल्या, आणि १९८५-८६ साली साडेआठ हजार टनांच्या पुढे गेलेली मासळी १९९५-९६ मध्ये तेराशे टनांच्या आत आली. १९८१ साली केवलादेवबरोबर रामसर या पाणस्थळविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नोंदले गेलेले भारतातील हे पहिले पाणस्थळ १९९३ साली त्याच कराराच्या ‘माँट्रॉ’ नोंदवहीत, म्हणजे ऱ्हास पावणाऱ्या स्थळांच्या यादीत, घालावे लागले.

सरोवरासाठी स्वतंत्र चिलिका विकास प्राधिकरण राज्य सरकारने १९९१ मध्येच स्थापिले होते; परंतु त्याच्या हाती प्रत्यक्ष काम आले ते दहाव्या वित्त आयोगाने विशेष अनुदान मंजूर केल्यावर, आणि अजितकुमार पट्टनायक हे त्याचे मुख्याधिकारी असताना. त्या काळातला खरा निर्णय धीर धरण्याचा होता. जुने मुख उपसावे की नवे खोदावे, आणि खोदावे तर नेमके कोठे, हे लोकांच्या आग्रहावर किंवा पुढाऱ्यांच्या सोयीवर न सोडता प्राधिकरणाने तो प्रश्न खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्राकडे पाठविला. मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या गरजेतून १९१६ साली जन्मलेली ही संस्था समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे, मुठेच्या काठी आहे. पण बंदरे, खाड्या आणि वाळूचे वहन यांचा तिचा अभ्यास देशभर मान्यता पावलेला आहे. तेथे भरतीची उंची, प्रवाहाचा वेग, पुराचे पाणी आणि वाळूचे सरकणे यांचे गणित मांडून वेगवेगळ्या जागी मुख कल्पून पाहण्यात आले. भलत्या जागी खोदलेले मुख एकाच पावसाळ्यात बुजते, किंवा उलट इतके रुंदावते की खारे पाणी मर्यादेबाहेर आत येऊन शेतीला बाधते. दोन्ही भये खरी होती. सातपाड्याजवळ सिपकुडा गावासमोरची पट्टी निश्चित झाली, आणि २३ सप्टेंबर २००० रोजी ती छेदून समुद्र आत घेतला गेला. बाहेरची वाट एकदम अठरा किलोमीटरांनी आखूड झाली.

परिणाम इतक्या त्वरेने दिसून आला की त्यावर विश्वास ठेवण्यासाठी आकडेच पाहावे लागतात. २००१-०२ साली मासळी जवळजवळ बारा हजार टन निघाली. पाणवनस्पती मागे हटल्या, गढूळपणा कमी झाला आणि खाऱ्या पाण्यातील समुद्रगवताची कुरणे पुन्हा पसरू लागली. बाहेरच्या वाटेपुरते आकसलेले इरावती डॉल्फिन मधल्या भागातही दिसू लागले, आणि त्यांची संख्या आता दीडशेच्या आसपास मोजली जाते. २००२ सालचा रामसर पुरस्कार प्राधिकरणाला मिळाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चिलिकेचे नाव माँट्रॉ नोंदवहीतून वगळण्यात आले. आशियातील कोणत्याही पाणस्थळाला हा मान तोवर मिळाला नव्हता.

मुख खोदल्याने वरून येणारा गाळ थांबत नाही. तो थांबविण्याचे काम अधिक कष्टाचे, आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने नीरस. पश्चिमेच्या टेकड्यांवर गावकऱ्यांच्या साहाय्याने बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड झाली. कटकेजवळ नराज येथे महानदीचे पाणी काठजोडीत वळते आणि त्यातूनच पुढे दया आणि भार्गवी यांना वाटा मिळतो. तेथे जुन्या बंधाऱ्याच्या जागी दारांचा नवा बंधारा झाला, तेव्हा ती दारे केव्हा आणि किती उघडावीत हे ठरविताना सरोवराची गरजही हिशेबात धरावी, असा आग्रह धरला गेला. शेतीला पाणी, शहराला पूरनियंत्रण आणि सरोवराला गोड्या पाण्याचा हंगामी लोंढा, हे तीन हक्कदार एकाच दारापाशी उभे आहेत, आणि त्यांतला तिसरा मुका आहे. प्राधिकरणाचे मोठे मोल मला येथे दिसते: त्या मुक्या हक्कदाराच्या वतीने बोलणारे एक दफ्तर सरकारातच निर्माण झाले.

सरोवराच्या उत्तर काठावरील मंगलजोडी गावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियाकडून येणारी लाखो बदके, तुतारी आणि मालगुजे येथील पाणगवतात उतरतात, आणि पूर्वी या गावातील कित्येक कुटुंबे त्यांना मारून विकण्यावरच हिवाळा काढीत. पक्ष्यांच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणालाच माहीत नव्हत्या. समजूत घालणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीने शतकाच्या अखेरीस याच शिकाऱ्यांनी पक्षिसंरक्षण समिती स्थापिली, आणि आज तेच लोक होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवितात. १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या नलबण बेटासह साऱ्या सरोवरावर मिळून २०२४ च्या जानेवारीतील गणनेत अकरा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले.

समुद्रानेही आपला हात आखडता घेतलेला नाही. खोदलेले मुख त्याच ईशान्येच्या दिशेने सरकत राहिले, आणि २०१९ च्या मे महिन्यात ‘फनी’ चक्रीवादळाने वाळूची पट्टी ठिकठिकाणी फोडून नवी मुखे पाडली. म्हणून खारेपणाची, गाळाची आणि खोलीची मोजणी अखंड चालू ठेवणे भाग आहे. २००० सालचा दिवस हा उपचाराचा आरंभ होता.

परंतु घेऱ्या मात्र उरल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशांवरून त्या वेळोवेळी पाडल्या जातात, आणि तपासणी पथक माघारी गेले की त्याच जागी पुन्हा बांबू रोवले जातात. कारण मुख उघडल्याने जी मासळी वाढली तिचे मोल घेरीवाल्याला मच्छीमाराइतकेच, किंबहुना अधिक, ठाऊक आहे. केउट आणि कंडरा यांच्या तरुण मुलांनी मजुरीसाठी परमुलखाची वाट धरावी आणि त्यांच्या बापजाद्यांच्या पाण्यात कोळंबी दुसऱ्याने पिकवावी, हे दृश्य पुनरुद्धाराच्या वीस वर्षांनंतरही तेथे दिसते. आपल्याकडे एखादी खाडी किंवा सरोवर पूर्ववत करण्याची योजना जे आखीत असतील, त्यांनी चिलिकेच्या कागदांतून खडकवासल्याचे अहवाल अवश्य वाचावेत, पण त्यांच्याबरोबर १९९१ चे इजाऱ्याचे धोरणही वाचावे, आणि परत येणाऱ्या मासळीवर हक्क कोणाचा हे आधी लिहून काढावे. चिलिकेत हा प्रश्न वाळूला पहिले खोरे लागण्यापूर्वी सुटावयास हवा होता. तो अद्याप सुटलेला नाही.